ओढ

आवाज वाढला होता आणि ओढ गेली होती.

सँडरला जोडलेला पाइप काढून मी त्याच्या तोंडासमोर तळहात धरला. एरवी तिथे वारा लागतो. त्या दिवशी नुसती झुळूक लागली. मोटर मात्र नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत, जवळजवळ शिट्टीसारखी वाजत होती. मी मनाशी म्हटलं, मोटर तर जोरात चालली आहे, तिच्यात बिघाड नाही, दोष दुसरीकडे शोधायचा. निष्कर्ष बरोबर निघाला, पण ज्या कारणावरून मी तो काढला ते चुकीचं होतं. तीस वर्षं वर्गात तर्कसंग्रह शिकवल्यावर असं व्हावं, याची बोच मला अजून आहे.

निवृत्त झाल्यावर मी सुतारकामाकडे वळले. पुण्यात जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या चौकटी, खण, तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत येऊन पडतात. शंभर वर्षं एका जागी मुरलेलं ते सागवान. रंध्याचा पहिला हात फिरला की वरचा काळपट थर जाऊन आतला तेलकट सोनेरी रंग उघडा पडतो. रंध्याच्या ढलप्यांचा त्रास नसतो, त्या झाडूने गोळा होतात. भीती असते ती सँडरच्या पिठाची. उन्हाची तिरीप खोलीत आली तरच ते तरंगताना दिसतं, आणि तासाभराने पुस्तकांवर, चष्म्यावर, ओठांवर सापडतं. म्हणून पाच वर्षांपूर्वी मी ओलं-सुकं दोन्ही ओढणारा, चौदाशे वॅटचा व्हॅक्यूम क्लीनर घेतला. खाली वीस लिटरचं स्टीलचं पिंप, त्यावर मोटरचं डोकं, मध्ये घड्या घातलेला फिल्टर. एवढंच यंत्र आहे. साधं म्हणूनच त्याच्यापाशी विचार करता येतो.

धुरावरून अग्नीचं अनुमान करता येतं, अग्नीवरून धुराचं करता येत नाही, हे न्यायशास्त्राच्या पहिल्या धड्यांपैकी एक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीतून धूर निघायला इंधन ओलं लागतं. मागे लपून राहिलेल्या या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. ती ओळखली नाही तर दोन गोष्टी नेहमी बरोबर असतात असा भास होतो, आणि त्या भासावर उभं केलेलं अनुमान कोसळतं. ‘जिथे मोटरचा जोर, तिथे ओढ’ ही मी धरलेली जोडी अशीच होती. तिची उपाधी म्हणजे हवेची वाट मोकळी असणं. त्याहून मोठी चूक अशी की वरच्या पट्टीला मी जोर समजले.

या यंत्रातल्या मोटरची फिरती गुंडाळी आणि स्थिर गुंडाळी एकाच वाटेवर एकामागोमाग जोडलेल्या असतात. अशा मोटरला स्वतःची अशी बांधलेली गती नसते. ओझं कमी झालं की ती पळते, वाढलं की मंदावते. तिच्यावरचं ओझं म्हणजे पंख्याने फेकायची हवा. फिल्टर चोंदला की पंख्यापर्यंत नवी हवा पोचतच नाही, पात्यांमधली तीच ती हवा गरगरत राहते. काम उरत नाही, म्हणून फेरे वाढतात. मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेणारी ही मोटर आणखी चढते आणि वीज उलट कमी घेते. जातं रिकामं फिरवलं तर ते हलकं, भरभर फिरतं आणि घरघर मोठी येते, पण पीठ पडत नाही. आजीच्या जात्यावर लहानपणी मी तेच करत असे आणि ती ओरडत असे, दगडाला दगड घासतोय म्हणून. तो आवाज ओळखीचा होता. ओळख पटायला मात्र वेळ लागला.

पाइपाचं तोंड तळहाताने घट्ट झाकलं तेव्हा दोन गोष्टी कळल्या. हात चिकटला. सावकाश चिकटला, पण पुरता. म्हणजे पिंपाला कुठे भोक नव्हतं आणि पंखाही थकलेला नव्हता. दुसरं, हात ठेवल्यावर आवाजाची पट्टी बदलली नाही. धडधाकट यंत्रात तोंड झाकलं की स्वर चढतो, सोडलं की उतरतो. इथे तो आधीच चढून बसला होता, कारण वाट आधीच बंद होती. केवळ हात चिकटतो का, एवढ्यावरून यंत्राची तब्येत ठरवू नये हेही मला तेव्हा समजलं. तोंड पूर्ण बंद असताना ओढ सर्वांत जास्त असते, पण वाहणारी हवा शून्य. तोंड पूर्ण मोकळं असताना हवा सर्वांत जास्त वाहते, पण ओढ जवळपास नसते. धुळीचं काम या दोन टोकांच्या मधेच कुठेतरी होतं.

मग अन्वय आणि व्यतिरेक. एक असताना दुसरं आहे का, आणि ते नसताना नाही का, असं दोन्ही बाजूंनी पाहायचं. पाइप काढला, पिंपाच्या तोंडाशी हात धरला: झुळूकच. पाइप निर्दोष. तरी त्याचं एक टोक वर धरून एक गोटी आत सोडली, ती खडखडत खालून बाहेर आली. डोकं आणि पिंप जिथे मिळतात त्या रबरी कडेभोवती पेटती उदबत्ती फिरवली, धूर कुठेही आत गेला नाही. शेवटी फिल्टर काढून क्षणभर यंत्र सुरू केलं. स्वर एकदम खाली आला, भरदार झाला, आणि हाताला वारा लागला. फिल्टर परसात नेऊन, तोंडाला फडकं बांधून झटकला. घड्यांमध्ये सागाचं पीठ साबणाच्या वडीसारखं थापलं गेलं होतं. तो पुन्हा मोकळा होण्यापलीकडे गेला होता, नवा आणला.

फिल्टरबद्दल थोडं थांबून सांगावंसं वाटतं. फिल्टर म्हणजे बारीक चाळणी, कण जेवढा लहान तेवढा तो निसटण्याची शक्यता जास्त, असा माझा समज होता. तसं नाही. मोठे कण जड असतात. हवा तंतूंमधून वळते, त्यांना वळता येत नाही, ते आदळतात आणि अडकतात. अगदी सूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इकडेतिकडे भरकटत राहतात आणि भरकटता भरकटता तंतूला लागतात. निसटतात ते मधले, साधारण ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, जे आदळण्याइतके जड नाहीत आणि भरकटण्याइतके हलकेही नाहीत. म्हणून अतिसूक्ष्म फिल्टरांची कसोटी त्याच आकाराच्या कणांवर घेतात आणि त्यातले ९९.९७ टक्के अडले तर फिल्टर उत्तीर्ण. अडचण कुठे सर्वांत मोठी आहे हे आधी शोधून तिथेच परीक्षा घेणाऱ्या या पद्धतीचा मला शिक्षिका म्हणून आदर वाटतो.

आतापर्यंत मी ‘ओढ’ हा शब्द बिनदिक्कत वापरला. पण यंत्र काहीच ओढत नाही. १६४४ मध्ये इव्हान्जेलिस्टा टॉरिचेलीने एका पत्रात लिहिलं की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. त्या समुद्राचा भार आपल्या अंगाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो आहे. चोहोबाजूंनी सारखा असल्यामुळे तो जाणवत नाही. माझ्या यंत्राचा पंखा पिंपातला दाब फार तर पाचव्या हिश्शाने कमी करतो. पाइपाच्या तोंडाचं क्षेत्रफळ दहा चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे हाताला बिलगणारी ती ओढ सुमारे दोन किलोची. पण ती आतून येत नाही. बाहेरचा समुद्र माझा हात पाइपाकडे ढकलतो. यंत्र फक्त समोरचा विरोध थोडा कमी करतं.

शेतकऱ्याला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. माझ्या आजोळी, पुरंदर तालुक्यात, उन्हाळा चढला आणि विहिरीतलं पाणी खोल गेलं की मोटर दोरखंडाला बांधून खालच्या टप्प्यावर उतरवायचे. जास्त ताकदीची मोटर काठावर आणून बसवली तर का चालत नाही, असं मी मामाला विचारलं होतं. तो म्हणाला, “मोटर पाणी वर फेकल तेवढं फेकल गं, पण खालून घ्यायचं तर तिला पाण्याजवळ जावं लागतं.” पंप कितीही मोठा असला तरी पाणी खालून दहा मीटरच्या वर चढत नाही, कारण ते चढवणारी हवा आहे आणि हवेचं बळ तिथे संपतं. व्यवहारात तर सात मीटरच पुष्कळ. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात अठरा हातांच्या या मर्यादेचा उल्लेख केला. टॉरिचेलीचा पारा त्याच प्रश्नाचं उत्तर शोधताना नळीत उभा राहिला.

पोकळी करणं किती कठीण असतं, ते ओटो फॉन गेरिकेच्या हकिगतीतून कळतं. तो माग्देबुर्गचा महापौर. १६३१ मध्ये त्याचं शहर युद्धात जळून उद्ध्वस्त झालं होतं, आणि ते पुन्हा उभं करण्यात अभियंता म्हणून त्याचा हात होता. पोकळी निर्माण करण्यासाठी त्याने आधी लाकडी पिंप पाण्याने भरलं, बंद केलं आणि खालून पाणी उपसू लागला. लाकडाच्या फटींतून, छिद्रांतून हवा शिट्ट्या घालत आत शिरली. मग ते पिंप पाण्याने भरलेल्या मोठ्या पिंपात बुडवून पाहिलं, तर पाणीच झिरपलं. शेवटी तांब्याचा गोल घेतला. तो एकदम चेपून गेला. पुढे आठ-आठ घोडे दोन्ही बाजूंना जुंपून तांब्याचे अर्धगोल वेगळे करण्याचा जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्याच्या चित्रात घोडे दिसतात. ते गळकं लाकडी पिंप मला त्याहून जवळचं वाटतं. लाकडाला छिद्रं असतात, ते श्वास घेतं, हे मी रोज रंध्याखाली पाहते.

आपल्या भाषेत दोन शब्द शेजारी-शेजारी आहेत: निवात आणि निर्वात. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या स्थिर चित्ताला दिव्याची उपमा आहे, आणि तो दिवा निवात जागी ठेवलेला आहे. तिथे वारा नाही, म्हणून ज्योत हलत नाही. रॉबर्ट बॉइलने १६६० मध्ये आपल्या हवेच्या पंपावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत मेणबत्ती निर्वात भांड्यात ठेवलेली आहे, आणि ती विझते. शांतता आणि अभाव यांतलं हे अंतर एका रफाराएवढं आहे. वर्गात उपमा समजावताना हा फरक मी कधी सांगितला नव्हता, कारण मला तो दिसलाच नव्हता.

आणि धूळ? तीही ओढली जात नाही. शार्ङ्गधरसंहितेत म्हटलं आहे की पित्त पांगळं, कफ पांगळा, वायू नेईल तिकडे ते जातात, ढगांसारखे. धुळीचं तसंच आहे. हवा वाहते आणि धूळ तिच्या पाठीवर बसून जाते. भुसा नळीत खाली न बसता पुढे जायचा तर हवेला सेकंदाला वीस मीटरच्या आसपास वेग लागतो. तो कमी झाला की धूळ वाटेतच उतरते.

ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याला १९०१ मध्ये नेमकं हेच दिसलं. लंडनमध्ये त्याला धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र दाखवण्यात आलं. उडालेली धूळ पुन्हा खालीच बसत होती. त्याने एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवला, त्यावर तोंड लावून जोरात श्वास आत घेतला आणि रुमालाच्या खालच्या बाजूला उमटलेला काळा डाग पाहिला. त्याची पहिली यंत्रं एवढी मोठी होती की ती घोडागाडीवर रस्त्यात उभी राहत आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात जात. त्यानंतर काही वर्षांनी अमेरिकेत ओहायोतल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर नावाच्या झाडलोट करणाऱ्या माणसाने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हातात धरता येईल असं यंत्र केलं. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. त्याला दम्याचा त्रास होता. हे यंत्र पहिल्यांदा एका माणसाच्या श्वासाने सिद्ध झालं आणि दुसऱ्याच्या श्वासासाठी लहान झालं. माझ्याकडे ते त्याच कारणासाठी आहे.

लाकडाची धूळ निरुपद्रवी नाही. इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशर परगण्यातलं हाय विकम हे खुर्च्या करणाऱ्यांचं गाव. तिथल्या भागात एस्मी हॅडफिल्ड या कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सक होत्या. नाकाच्या आतला एक अतिशय दुर्मीळ कर्करोग आपल्याकडे वारंवार येतो आणि तो फर्निचरच्या कारखान्यांतल्या कामगारांना होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. १९६८ मध्ये अॅचेसन आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांचा शोधनिबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. आपल्याकडे गल्लीबोळांत दुकानासमोरच सनमायका आणि प्लाय कापणारे तरुण सुतार तोंडाला साधं फडकंही बांधत नाहीत, आणि त्यांना कोणी सांगतही नाही. त्यांच्या शेजारून जाताना मला दर वेळी थांबून बोलावंसं वाटतं. दोनदा बोलले आहे.

नवा फिल्टर घालून सहा आठवडे बरे गेले. मग एके दुपारी यंत्र काम करता करता बंद पडलं. अर्ध्या तासाने आपोआप सुरू झालं, पुन्हा बंद पडलं. तिसऱ्या दिवशी मोटरच्या जाळीतून निळसर ठिणग्या दिसल्या, एक तिखट वास आला आणि सगळं शांत झालं. कंपनीच्या सेवा केंद्राने फोनवरच सांगितलं, मोटर बदलावी लागेल. न पाहता दिलेलं हे उत्तर मला मान्य नव्हतं.

प्लग काढून ठेवला, डिसमिस घेतला, डोकं उघडलं. मल्टिमीटरची एक सळई प्लगच्या पिनला, दुसरी स्विचच्या अलीकडे: बीप. स्विचच्या पलीकडे: बीप. आत, मोटरच्या दोन टोकांना सळया लावल्या: काही नाही. जमिनीवर घडा नाही, हे ज्ञान आपल्याला होतं कसं, यावर नैयायिकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला आहे. त्यांचं म्हणणं असं की अभावाचंही ज्ञान होतं, पण कशाचा अभाव हे ठाऊक असेल तरच. ज्याला घडा माहीत नाही त्याला रिकामी जमीन दिसेल, घड्याचं नसणं दिसणार नाही. मीटर गप्प राहिला तेव्हा मला ते नसणं दिसलं. वाट तुटली होती, आणि ती मोटरच्या आतच तुटली होती. त्यापुढे माझी विद्या संपली.

मोटर पिशवीत घालून मी तपकीर गल्लीत गेले. बुधवार पेठेतल्या या बोळाच्या नावातच नाकात ओढायची धूळ आहे. आता तिथे वायरी, स्विच, बेअरिंगं, कार्बन मिळतात. माझे नेहमीचे मोटर वाइंडिंगवाले काका सत्तरी उलटलेले आहेत. त्यांनी मोटरला हात लावण्याआधी विचारलं,

“वास कसला आला, बाई? वार्निशसारखा, रबरासारखा?”

“दोन्ही नाही. पावसाआधी वीज चमकल्यावर येतो तसा. तिखट.”

“मग वाइंडिंग जळलेलं नाही. जळलं असतं तर वार्निशचा आला असता.”

त्यांनी दांडा दोन बोटांत धरून फिरवला, हलवून पाहिला, बेअरिंग ठीक म्हणाले. मग कार्बनच्या खोबणीत एक लाकडी काडी खुपसून आतला तुकडा दाबून धरला आणि क्षणभर वीज दिली. मोटर फिरली. काडी सोडली, थांबली. चरकसंहितेत निदानाच्या पाच साधनांमध्ये उपशय सांगितला आहे: लक्षणांवरून रोग कळत नसेल तर उपचार करून पाहायचा, आणि त्याने बरं वाटतं की बिघडतं यावरून रोग ओळखायचा. वर्षानुवर्षं मी हा शब्द शब्द म्हणूनच वाचला होता. तो चालताना मी त्या लाकडी काडीच्या टोकाला पाहिला.

बाहेर काढलेला कार्बन सहा मिलिमीटर उरला होता. नवा तीन सेंटिमीटरहून थोडा मोठा असतो. हा कार्बन फिरत्या तांब्यावर टेकून त्याला वीज देतो आणि देता देता झिजतो. तांबं झिजू नये म्हणून तो मुद्दाम मऊ केलेला असतो. पूर्वी या जागी तांब्याच्या तारांचे खरेखुरे ब्रश असत. कार्बनचा तुकडा आला तरी इंग्रजीत ब्रश हे नाव राहिलं. आपल्या कारागिरांनी ते टाकून दिलं आणि पदार्थाचं नाव ठेवलं, ते मला अधिक खरं वाटतं. काकांनी तांब्यावरचा तपकिरी थर दाखवला. मी विचारलं, घासून चकचकीत करायचा का? ते जवळजवळ रागावले. तो थर म्हणजे कार्बन आणि तांब्याने मिळून केलेला तेलकटपणा, तो असेल तरच दोघं टिकतात. त्या थराला हवेतला ओलावाही लागतो. दुसऱ्या महायुद्धात विमानं फार उंचावरून उडू लागली तेव्हा त्यांच्या जनित्रांतले कार्बन बघता बघता भुकटी होऊन जात, कारण तिथल्या विरळ, कोरड्या हवेत पाण्याची वाफ नव्हती. ग्राफाइटचा गुळगुळीतपणा त्याच्या एकट्याचा नसतो, आसपासच्या हवेचा असतो. निर्वातात तो नाहीसा होतो.

अभावाचे चार प्रकार मुलांकडून पाठ करून घेताना प्रध्वंसाभावापाशी मी नेहमी रेंगाळत असे. वस्तू नष्ट झाल्यावरचा हा अभाव: त्याला सुरुवात असते, शेवट नसतो. फुटलेला घडा पुन्हा होत नाही, होतो तो दुसरा घडा. तो सहा मिलिमीटरचा तुकडा तळहातावर घेतल्यावर हे वाक्य मला वेगळं ऐकू आलं. झिजलेले अडीच सेंटिमीटर कुठे गेले? यंत्राच्या आतच, काळी पूड होऊन, त्याच हवेत.

“पण एवढ्या लवकर का झिजले?” मी विचारलं. काकांनी मोटर उलटी केली आणि वरच्या बाजूची जाळी उजेडाकडे धरली. तिच्यावर सागाच्या पिठाचा गोधडीसारखा थर होता.

“हिचं पोट साफ आहे, बाई. नाक चोंदलंय.”

ओलं-सुकं ओढणाऱ्या यंत्राला दोन श्वास असतात. कामाची हवा पाइपातून येते, फिल्टरमधून गाळून जाते आणि मोटरला न शिवता बाहेर पडते, कारण त्या हवेत पाणीही असू शकतं. मोटरला गार ठेवणारी हवा वेगळी. ती वरच्या जाळीतून, थेट खोलीतून येते. तिला फिल्टर नसतो. म्हणजे जी खोली हे यंत्र माझ्यासाठी स्वच्छ करत होतं, तिच्यातली सँडरमधून निसटलेली धूळ पाच वर्षं ते स्वतः न गाळता घेत होतं. मी पहिल्या वेळी ओढ तपासली, पिंप तपासलं, पाइपात गोटी सोडली. वरच्या जाळीवरून दहा वेळा फडकं फिरवलं असेल, पण तिथून काही आत जातं हे माझ्या ध्यानात आलं नाही. यंत्राचं तोंड एकच, असं मी धरून चालले होते.

दुरुस्त हा फारसी शब्द, अर्थ: बरोबर, नीट. मराठीत मिक्सरचीही दुरुस्ती होते आणि राज्यघटनेचीही. त्या दुपारी काकांनी केलेली दुरुस्ती या दोन्ही अर्थांची होती. एकीसाठी त्यांनी पैसे घेतले.

दोन्ही कार्बन बदलले. एकाच बाजूचा बदलायचा नसतो. जाळी आणि गुंडाळ्या मऊ कुंचल्याने झाडल्या. निघताना त्यांनी बजावलं, “लगेच ओझ्यावर घालू नका. अर्धा तास मोकळी फिरवा, कार्बन बसू द्या.” नव्या कार्बनचं टोक सपाट असतं आणि तांबं गोल. टोकाला तो बाक येईपर्यंत दोघं फक्त एका रेषेवर टेकतात आणि तिथे ठिणग्या उडतात.

घरी आल्यावर यंत्र मी खोलीत ठेवलं नाही. बाहेर पडवीत, धूळ नसलेल्या हवेत ठेवलं आणि पाइपाला दोन मीटरचा जोड देऊन तो खिडकीच्या गजांतून आत घेतला. लांबीमुळे वारा थोडा कमी झाला. आवाजही भिंतीपलीकडे गेला, तेव्हा तो ऐकायला आता खिडकीशी जावं लागतं.

पाइप न जोडता अर्धा तास मोटर फिरू दिली. सुरुवातीला जाळीआड लालसर ठिणग्यांचं कडं दिसत होतं. ते हळूहळू विरळ झालं आणि मग दिसेनासं झालं. पाइप जोडला, आत आले, त्याचं तोंड तळहाताने झाकलं. खिडकीबाहेर स्वर चढला. हात काढला, उतरला. पुन्हा झाकला, पुन्हा चढला. सदाशिव पेठेतल्या कुठल्याशा वाड्याच्या दाराची एक फळी टेबलावर पडून होती. तिच्यावर सँडर टेकवला.